विंडोज १० च्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकायचं असेल तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ घेत नाही. लिनक्स टाकू का? टाकायचं तर नेमकं कसं?"

टाका. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ओएस, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, एवढ्याच कारणाने सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ८ जीबी रॅम असलेलं मशीन भंगारात काढणं हा शुद्ध अपव्यय आहे. फक्त टॅली, श्रीलिपी (मराठी टंकनाचं जुनं सॉफ्टवेअर) किंवा मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेलच्या फायलींवर तुमचं पोट असेल तर विंडोज पुसू नका. ही कामं लिनक्सवर धड होत नाहीत, तेव्हा विंडोज ठेवून शेजारी मिंट टाका. कर भरण्यासाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, ते आधी बघा.

मिंटची २२ ची मालिका घ्या. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर तिची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी २५६ जीबीची एसएसडी बसवून घ्या. मशीन हँग होतं म्हणून जे ओएस बदलायला निघतात, त्यांचा निम्मा त्रास या एका बदलाने जातो.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाचं काम आहे. माणसं अडकतात ती त्याच्या आधी, विंडोजमध्ये करायच्या गोष्टी न केल्यामुळे.

पहिली गोष्ट बॅकअप. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतील तर फायलीच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह दिसतं का बघा. दिसत असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसतं नाव आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या आणि मगच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ब्राउजरचे पासवर्ड आणि आउटलुकची पीएसटी फाइल (मेल साठवलेली) हमखास विसरली जाते. विंडोजचाही एक बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून लॅपटॉप चालू करता येतो असा) आत्ताच करून ठेवा. विंडोज गेल्यावर तो बनवणं जास्त कटकटीचं असतं.

दुसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ लॅपटॉपवर तो मालकाच्या नकळत चालू असतो. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा, बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. निदान ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बदल केले की विंडोज ती मागू शकतं, आणि नसेल तर डेटा कुलपातच राहतो.

तिसरी, फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्ह उघडला तर फायली वाचता येतात, पण लिहिता येत नाहीत. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन ती खूण काढा.

दोन्ही ओएस ठेवायच्या असतील तर जागा विंडोजमधूनच मोकळी करा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', आणि एमबीच्या चौकटीत ६१४४० लिहा, म्हणजे ६० जीबी. मिंटला किमान २० जीबी लागतात, पण तेवढ्यात रोजचं काम भागत नाही. डिस्कवर भरपूर जागा असूनही विंडोज थोडीच सोडत असेल तर हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मधेच बसलेल्या या फायली विंडोजला हलवता येत नाहीत. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीने दिसते. ती तशीच सोडा, फॉरमॅट मारू नका.

आता पेनड्राइव्ह, ८ जीबीचा पुरतो. आयएसओ फाइल, म्हणजे मिंटच्या संकेतस्थळावरून उतरवायचा पूर्ण इन्स्टॉलर, साधारण ३ जीबीची आहे. ती नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, बलेना एचर किंवा रुफसने लिहावी लागते. डाउनलोड झालेल्या फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइल धड उतरली का ते सांगणारा आकडा) मिंटच्या पानावरच्या बेरजेशी जुळवा. हे पाच मिनिटांचं काम कुणी करत नाही, आणि इन्स्टॉलर निम्म्यावर येऊन बंद पडला की लॅपटॉपला दोष देतात. लिहून झाल्यावर विंडोज 'डिस्क फॉरमॅट करू का' असं विचारेल. कॅन्सल करा.

लॅपटॉप चालू करताना बूट मेनू उघडायचा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसवर एस्केप. एसरवर एफ १२ चालण्यासाठी बायोसमध्ये तो पर्याय आधी चालू करावा लागतो. पेनड्राइव्हचं नाव यादीत दोनदा दिसलं तर ज्याच्यापुढे यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत, जुनी ती लेगसी) लिहिलंय ते निवडा, मात्र विंडोजही त्याच पद्धतीचं हवं. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की 'बायोस मोड' या ओळीत ते लिहिलेलं असतं. एक यूईएफआय आणि दुसरं लेगसी झालं तर मिंटच्या मेनूतून विंडोज सुरू होत नाही.

मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालू होतं. लगेच इन्स्टॉल करायला धावू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, स्क्रीनचा उजेड आणि झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं इथेच तपासा. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून तिचा ड्रायव्हर घ्या.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, ही तक्रार इंटेलच्या लॅपटॉपवर वरचेवर येते. बायोसमध्ये डिस्क हाताळायच्या पद्धती असतात. ती 'आरएसटी' किंवा 'रेड' मोडमध्ये असते, ती 'एएचसीआय'मध्ये हवी. पण विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, निळ्या पडद्यावर अडकेल. आधी 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग खूण काढा. योग्य ड्रायव्हर विंडोज त्या वेळी स्वतःच घेतं.

पुढचा भाग सोपा आहे. विंडोज ठेवायचं तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड', पुसायचं तर 'इरेज डिस्क'. दुसऱ्या पर्यायात सगळी डिस्क जाते, डी ड्राइव्हसकट, हे पक्कं ध्यानात ठेवा. 'समथिंग एल्स'मध्ये हाताने विभाजन करत असाल तर ईएफआयचं छोटं पार्टिशन वापरा, पण फॉरमॅटची खूण त्याच्यापुढे असू देऊ नका. विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम, त्यातच असतो.

मल्टिमीडिया कोडेकवर (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या जोडण्यांवर) खूण केली आणि बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत नाहीसा होतो. तेवढ्यात कुठलीही कळ दाबा, 'एन्रोल एमओके' निवडा, तोच पासवर्ड द्या. हा पडदा हुकला तर एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसूनही चालत नाही, आणि त्याचं कारण कुठेच लिहून येत नाही.

मिंट सुरू झालं की आधी सगळे अपडेट घ्या आणि टाइमशिफ्ट या मिंटमधल्या प्रोग्रॅमने सिस्टिमची एक प्रत (स्नॅपशॉट) काढा. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम जपतं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा. विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला सांगितलं की दोन्हीकडे जुळतं.

मराठी टंकायला कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये लेआउट जोडा: सरकारी कामाची सवय असलेल्यांना मराठी इन्स्क्रिप्ट, उच्चाराप्रमाणे कळा हव्या असतील तर कगप. रोमन स्पेलिंग लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस (भाषा टंकण्याचा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. युनिकोडमधला मजकूर जसाच्या तसा उघडतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फायली मात्र अगम्य अक्षरांत दिसतील. त्यांचे फॉन्ट विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून, विंडोज पुसण्याआधीच, बॅकअपच्या डिस्कवर घेऊन ठेवा. मिंटमध्ये तेच फॉन्ट बसवले की त्या फायली निदान वाचता येतात.