अधिक एक

आमच्या फॉर्मात चौथा प्रश्न होता, ‘आपण काम करता का?’ पुढे दोन चौकोन. २०२३ च्या मे महिन्यात वाघोलीजवळच्या एका बांधकामावर मी दोन दिवसांत अकरा बायकांचे फॉर्म भरले आणि अकराही वेळा ‘नाही’वर खूण केली. सुपरवायझरनेही आधीच सांगितलं होतं, ‘आमच्याकडे लेडीज लेबर नाहीच.’ तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या मागून डोक्यावर घमेली घेतलेल्या चार बायका गेल्या.

बारावी बाई मुखेड तालुक्यातली. सहावा महिना लागलेला. डोक्यावरची चुंबळ काढून तिने मांडीवर ठेवली आणि बोटांच्या भेगांतलं वाळलेलं सिमेंट नखाने उकरत बसली.

‘काम करता का?’

‘नाही ओ ताई. मी ह्यांच्यासंगं असते.’

‘बरं, काल दिवसभर काय काय केलंत?’

‘काल? सकाळी वाळू चाळली. मग विटा वाहिल्या. दुपारून मिस्त्रीला माल दिला.’

मी पेन थांबवलं. पत्र्याच्या खोल्यांत परत जाऊन आधीच्या अकराजणींना ‘काल काय केलं’ एवढंच विचारलं. दोघी खरोखर पोरं सांभाळत होत्या. उरलेल्या नऊजणी दिवसभर बिगारी काम करत होत्या. फॉर्म माझ्याच संस्थेने बनवलेला, म्हणून जास्तच लाज वाटली.

मुकादमाचं म्हणणं सरळ होतं. मजुरी जोडीने ठरते, जोडीला अकराशे. खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, दर शनिवारी नवऱ्याच्या हातात. (ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, तोच हिशेब शहरात आला आहे.) हजेरीवर बाईचं नाव नसलं की बाकीचं आपोआप घडतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं तेव्हा होतं. बायका शून्य, म्हणून पाळणाघरही नाही. सरकारच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नवऱ्याला तो मिळाला होता. बाळंतपणाचे १५,००० रुपये त्याची बायको म्हणूनही मिळू शकत होते, पण कामगार म्हणून हिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून मी हट्टाला पेटले. गावात ग्रामसेवकाचा दाखला चालत होता, पण वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि ती वाट बंद झाली. राहिला ठेकेदार, नाहीतर महापालिकेचा अधिकारी. तोही आधी पुरावा मागणार.

‘हिचं नावच नाही मॅडम, दाखला कसा देऊ?’ म्हणत मुकादमाने वही पुढे टाकली. लांब, लाल कापडी बांधणीची. नवऱ्याच्या नावापुढे रोजच्या चौकटीत ‘१ + १’. मी पानं उलटत गेले. काही चौकटींत नुसताच ‘१’ होता.

‘हे असं का?’

तो गप्प. तीच वाकून बघायला आली. वाचता येत नव्हतं, पण तारखा सांगितल्यावर म्हणाली, ‘पोराला ताप होता तवा. त्या दिवसाचे कापले की ह्यांनी.’

म्हणजे पैसे कापायच्या वेळी ती वहीत नीट होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून अधिक एक मोजू लागलो. मी बोट ठेवायचे, ती बोटाच्या पेरांवर धरायची. मध्ये एकदा चुकलो, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. ११२ भरले.

मुकादमाने नाइलाजाने कोरा कागद ओढला. पेनचं टोपण काढलं आणि तिच्या नवऱ्याकडे वळून विचारलं, ‘नाव काय रे हिचं?’

नवऱ्याने तोंड उघडण्याआधी तिनेच सांगितलं. मग जरा थांबून मला विचारलं, ‘सासरचं लावायचं का माहेरचं?’

‘आधारवर असेल ते.’

नाव लिहून झालं, दिवस लिहून झाले. शिक्का मात्र ठेकेदाराच्या बॅगेत होता, आणि ठेकेदार सोमवारी येणार होता. मी डायरीत सोमवारपुढे वाघोली लिहिलं.