तिसरे सत्र सोडताना

सोमवार, रात्री

परीक्षेत नापास होऊन वर्ष गेले, तर काय बोलायचे हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक असते: थोडी रागवारागवी, थोडी समजूत आणि मग एटीकेटीची चौकशी. मात्र आतापर्यंत सगळे विषय सोडवलेली, वरवर धडधाकट दिसणारी मुलगी आपणहून सत्र सोडते म्हटल्यावर कोणालाच शब्द सापडत नाहीत. आज मी महाविद्यालयात तसा अर्ज दिला.

आई गेल्यावर दिवसकार्य आटोपून मी लगेच पुण्याला परतले, कारण अभ्यासात मन गुंतेल असे सगळ्यांचे म्हणणे होते. ते गुंतले नाही. पहाटेपर्यंत डोळा लागत नसे, खाणावळीचा डबा दाराशी तसाच राही आणि सकाळचे प्रात्यक्षिक बुडे. एकदा वेळेवर पोहोचले, तर अनुमापन (द्रावण थेंबाथेंबाने सोडून रंग बदलताच थांबायचा प्रयोग) करताना फ्लास्कमधला रंग फिकट गुलाबीवरून गडद होऊन गेला तरी ब्युरेटची तोटी बंद करण्याचे भान राहिले नाही. शेजारच्या मुलीने हात पुढे करून ती फिरवली. त्या रात्री मी 14416 या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही टेलि-मानस मानसिक आरोग्य सेवा निःशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येते. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, घाईही केली नाही. मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटावे, एवढे मात्र स्पष्ट सांगितले. आता उपचार सुरू आहेत.

बाबांचा पहिला प्रश्न अर्थातच 'शिकलेले वाया जाईल का?' हा होता. तसे होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात, त्यामुळे माझ्या पहिल्या वर्षाला धक्का लागणार नाही. अडचण निराळीच आहे. तिसऱ्या सत्राचे विषय आमच्याकडे पुन्हा पुढच्या जूनमध्येच शिकवले जाणार, म्हणजे कागदावर एक सत्र सोडले तरी प्रत्यक्षात वर्षच जाते. शिष्यवृत्तीचे काय होईल, हे मी कार्यालयाकडे लेखी विचारले आहे, कारण तोंडी उत्तर प्रत्येक खिडकीवर बदलते. धोरण दिल्लीहून निघाले तरी खिडकीपर्यंत यायला त्याला बराच उशीर लागतो, असे माझे मत होत चालले आहे. अर्जातल्या 'कारण' या रकान्यात किती लिहावे या विचारात मी होते, तेव्हा कारकून बाई म्हणाल्या, "वैयक्तिक कारणास्तव, एवढंच लिही गं. डॉक्टरांचा दाखला मागे टाच. बाकीचं लोकांना कशाला वाचायला द्यायचं?" हा सल्ला मला फार सभ्य वाटला.

नातेवाइकांची तऱ्हा वेगळी. मुलगी मध्येच घरी येते म्हणजे स्थळ पाहत असणार, असा आत्याचा तर्क झाला आणि तिने तसे फोनवर विचारलेही. बाबा एरवी असे प्रश्न हसून टाळतात, या वेळी मात्र ते सरळ म्हणाले, "तिला बरं नाही. औषध चालू आहे. बरी झाली की परत जाईल." औषध कशावरचे, हे आत्याने विचारले नाही आणि बाबांनीही सांगितले नाही. पण आजार म्हणून त्यांनी तो मान्य केला, याचेच मला समाधान आहे.

वसतिगृहाची खोली या आठवड्यात रिकामी करायची आहे आणि अनामत रकमेसाठी पावती शोधायची आहे. रिकामा वेळ वाया जाऊ नये म्हणून काकांनी एमएस-सीआयटी सुचवले आहे, मामाने टायपिंग, आणि शेजारच्या गुरुजींनी थेट स्पर्धा परीक्षा. सूचना मायेच्याच आहेत. परंतु सध्या रात्री झोप लागणे आणि दोन वेळा पोटभर जेवणे एवढाच अभ्यासक्रम डॉक्टरांनी दिला आहे. टायपिंगचे दिवाळीनंतर पाहू, असे मी बाबांना सांगून ठेवले आहे.