पाचव्या वर्षाची फी कोण भरणार?

जुलैत आमच्या घाटंजी तालुक्यात शेतात डवरणीची घाई असते आणि माझ्या सेतू केंद्रात इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मची. त्या दिवशी पीक विम्याच्या गर्दीतून वाट काढत एक काका आणि त्यांची पोरगी टेबलापर्यंत आली. काकांच्या हातात एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं.

"सर, संध्याकाळपर्यंत बुकिंगचे पैसे टाका लागते म्हणे. पाच वर्सात दोन डिगऱ्या भेटतात, बी.टेक. अन् एम.टेक. एवढं भरून द्या."

पैसे सोनं गहाण ठेवून आणले होते. ते ऐकल्यावर मी माउस बाजूला ठेवला. विम्याचं काम भावाकडे दिलं आणि दोघांना आत बसवलं.

पोरगी हुशार होती. सीईटीत नव्वदीच्या वर पर्सेंटाइल, ओबीसी, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर दोन्ही तयार. तिला ओढ इलेक्ट्रिकलची, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर स्वतः उघडून बसवणारी. नातेवाईक मात्र 'कॉम्प्युटरच घे' म्हणत होते. दोन्ही मिळेल असं वाटून तिनं ते पत्रक धरून ठेवलं होतं.

मी त्या विद्यापीठाची नियमावली उघडली. माहितीपत्रकात रंगीत फोटो असतात, खरी गोष्ट नियमावलीत असते. तिथं दोन वाक्यांत सगळं होतं. दोन्ही पदव्या पाचव्या वर्षाच्या शेवटी एकत्रच, चौथ्या वर्षानंतर बी.टेक. घेऊन बाहेर पडायची सोय नाही. शिवाय दोन्ही पदव्या कॉम्प्युटरच्याच, इलेक्ट्रिकलचा त्यात पत्ताच नव्हता.

"पण पोरींले तं फुकट हाय ना शिक्षण?" काकांनी विचारलं.

इथेच पोटात गोळा आला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्हायला हवा, आणि खासगी व अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे पाचही वर्षांची फी काकांच्या कापसावर. बुकिंग घेणाऱ्यानं हे त्यांना सांगितलं नव्हतं. मला त्याचा आजही राग येतो.

काका गप्प झाले. पोरीनं मात्र वही काढली आणि विचारलं, "मग दोन्ही शिकाचं असन तं रस्ता कोणता?"

लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू ठेवून आम्ही बसलो. पहिला रस्ता साधा: सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल घ्यायचं आणि १८ ते २० जादा क्रेडिट्स (अभ्यासाचे गुणांक) करून कॉम्प्युटरचा मायनर, म्हणजे जोडविषय, घ्यायचा. पदवी एकच, तिच्यावर मायनरची नोंद. दुसरा रस्ता थोडा लांबचा. यूजीसीनं २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली आहे. एक कॉलेजात बसून आणि दुसरी ऑनलाइन चालते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस ही ऑनलाइन पदवी त्यासाठी तिला दाखवली. जेईई लागत नाही, चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते असं की मध्ये थांबलं तरी हात रिकामे राहत नाहीत. फाउंडेशनचं प्रमाणपत्र, मग डिप्लोमा, मग बीएस्सी, शेवटी बीएस. उत्पन्न आणि प्रवर्गानुसार फीत सवलतही आहे.

"दोन्हीकडं गणित हाय. मंग दोनदा शिका लागन?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स किंवा मोनाशसारख्या विद्यापीठात चार वर्षांची इंजिनिअरिंग आणि तीन वर्षांची कॉम्प्युटर सायन्स अशा दोन पदव्या पाच वर्षांत होतात, कारण विद्यापीठ एकच असतं आणि काही विषय दोन्हीकडे धरले जातात. आपल्याकडे दोन वेगळ्या संस्था म्हणजे संख्याशास्त्र दोनदा, परीक्षाही दोनदा. म्हणून मी तिला स्पष्ट सांगितलं: पहिलं वर्ष फक्त इलेक्ट्रिकल. हॉस्टेल, इंग्रजीतली लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स यांत जम बसू दे. खेड्यातून गेलेली पोरं पहिल्याच सेमिस्टरला दोन ओझी उचलतात आणि दोन्हीकडे बॅकलॉग घेऊन येतात, हे मी पाहिलंय. आणि बीएस म्हणजे बी.टेक. नव्हे, हेही तिच्या वहीत लिहायला लावलं.

काकांनी तिथूनच फोन लावला. "नाही टाकत पैसे," एवढंच बोलले. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला, त्यांनी फोन कापला.

ऑप्शन फॉर्ममध्ये अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय वर, खाली यवतमाळ आणि चंद्रपूर, सगळीकडे इलेक्ट्रिकल आधी. पोरीनं प्रत्येक ओळ स्वतः वाचून मगच लॉक करू दिलं.

राहता राहिला हॉस्टेलचा खर्च, तो माफीत येत नाही. त्यासाठी सरकारच्या वसतिगृह भत्त्याच्या योजना आहेत, प्रवेश झाला की तिच्या प्रवर्गाला कोणती लागू होते ते पाहून अर्ज. अल्पभूधारकाचा दाखला लागू शकतो म्हटल्यावर काका उठलेच. "तलाठी आज साजावर हाय, जाऊन येतो," म्हणाले. पोरीला त्यांनी माझ्याकडेच बसवलं, बाकीचे कागद स्कॅन करायला.