मारखा खोऱ्यात कॅमेरा जिवंत ठेवताना

लडाखमधला मारखा ट्रेक आम्ही सप्टेंबरात केला. चिलिंगपुढे झांस्करवरचा पूल ओलांडून स्कियू, मारखा, हंकर, मग निमालिंगचा मुक्काम आणि शेवटी कोंगमारू ला ही खिंड चढून शांग सुमदोला उतरायचं. आता गाडीरस्ता बराच आत आलाय, पण विजेच्या बाबतीत लेह सोडलं की आपलं आपणच बघायचं.

होमस्टेत छपरावर सोलर प्लेट असते, पण ती घरातल्या दिव्यांसाठी. आमा-लेंना, म्हणजे घरच्या मावशींना, विचारलं तर त्या नाही म्हणत नाहीत, म्हणूनच विचारताना थोडी लाज बाळगावी. दहा ट्रेकर दहा चार्जर लावून बसले, तर संध्याकाळी स्वयंपाक अंधारात होतो. फोनपुरतं मागा, कॅमेऱ्याची सोय लेहहूनच करून निघा.

सोय म्हणजे काय? २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-अवरची (म्हणजे तेवढ्या साठवलेल्या ऊर्जेची) होते. मधली गळती धरून हाती साधारण दोन तृतीयांशच लागतं. मिररलेस कॅमेऱ्याची मोठी बॅटरी १६ वॉट-अवरच्या आसपास असते, म्हणजे अशा तीन बॅटऱ्या भरतील. फोनही त्यावरच जगणार असेल तर दोन धरा. कॅमेरा यूएसबीवर चार्ज होतो का, आणि तुमच्याच केबलने होतो का, हे घरीच पाहून घ्या. विमानात पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

पाठीवर लटकवायच्या सोलर पॅनलवर माझा फारसा विश्वास नाही. चालताना त्याची दिशा सतत बदलते, दरीत सावली असते, आणि दुपारी ऊन चांगलं असतं तेव्हा आपण चालत असतो. त्या वजनात आणखी दोन बॅटऱ्या येतात.

खरी परीक्षा निमालिंगला. उंची सुमारे ४,८०० मीटर, समोर कांग यात्से शिखर, आणि रात्री पारा शून्याखाली. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेरा ‘बॅटरी संपली’ म्हणून मोकळा होतो. चार्ज मात्र आतच असतो. म्हणून झोपताना बॅटऱ्या, फोन आणि पॉवर बँक मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायच्या. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साठतं आणि बॅटरी कायमची खराब होते. आधी अंगाच्या उबेत येऊ द्या.

ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर त्या रात्रीसाठी एक बॅटरी वेगळीच धरा. लाँग एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं, ती भराभर खातं.

बाकी काटकसर साधी आहे: वायफाय-ब्लूटूथ बंद, स्क्रीनचा उजेड कमी, आणि दर फोटोनंतर तो न्याहाळत बसायची सवय गावी ठेवून यायची. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर रेंज शोधण्यातच त्याचा जीव जातो. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये तसंही चालत नाही.

कोंगमारू लाच्या चढाला भरलेली बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि माथ्यावर पोचल्यावरच कॅमेऱ्यात घाला. काढलेली ‘संपलेली’ बॅटरी त्याच उबदार खिशात टाका. उतरताना तीही बरेच फोटो देते.