ऐरोली लॅपटॉप, नोंद ४: मोडेम दिसतो, पण उठत नाही

उठला! काल रात्री पावणेबाराला एमएमसीएलआयने (मोडेमची अवस्था दाखवणाऱ्या कमांडने) ‘रजिस्टर्ड’, म्हणजे नेटवर्क मिळालं, असं दाखवलं आणि मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की आई आतून ओरडली, “अरे, शेजारी झोपलेत!”

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, ईएम७४५५ हा लॅपटॉपच्या आत बसणारा ४जी मोडेम बसवला, अँटेनाच्या तारांच्या चिमुकल्या एमएचएफ४ टोप्याही दाबून झाल्या (एक दोनदा उडून पलंगाखाली गेली होती), आता फक्त सिम टाकायचं. त्या ‘फक्त’ने तीन रविवार खाल्ले.

मोडेममॅनेजरला (लिनक्समध्ये मोडेम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) सगळं दिसत होतं. मोडेम, सिम, आयएमईआय. एनेबल (सुरू हो) म्हटलं की ‘इनव्हॅलिड ट्रान्झिशन’ असा एरर. पॉवर स्टेट: लो. आधी सिमवर संशय, मग अँटेनावर. शेवटी एलएसयूएसबी (यूएसबीवर काय काय जोडलंय त्याची यादी देणारी कमांड) नीट वाचलं. कार्डाचा ओळख क्रमांक: ११९९:९०७९. साध्या कार्डाचा आकडा ९०७१. म्हणजे विकणाऱ्याने ‘जेनेरिक’ म्हणून मला कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेलं कार्ड टेकवलं होतं. त्याचं नाव सांगत नाही, पण पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी लेबलचा फोटो मागवा.

अशा कार्डांना एफसीसी लॉक असतं (एफसीसी म्हणजे रेडिओ उपकरणांचे नियम करणारी अमेरिकी सरकारी संस्था). यजमान मशीनने ठरलेली कमांड दिल्याशिवाय रेडिओ सुरूच होत नाही. कुलूप अमेरिकेच्या नियमाचं, अडकलो मी ऐरोलीत. पूर्वी मोडेममॅनेजर ते आपणहून उघडायचा. १.१८.४ आवृत्तीपासून ते आपल्यावर सोडलंय. कुलूप उघडणारी स्क्रिप्ट ‘एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी’ फोल्डरमध्ये तयार पडलेली असते, ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरखालच्या ‘एफसीसी-अनलॉक.डी’मध्ये तिची लिंक द्यायची, झालं.

दिली लिंक. काही फरक नाही.

मालकी रूटची, परवानग्या ठीक, नावातला कोलनही जागच्या जागी. डेबियन १२ (माझं लिनक्स) पुन्हा टाकायच्या बेतात होतो. मग डीबग लॉग लावला, स्क्रिप्ट सुरू होते आणि लगेच पडते हे दिसलं. हाताने चालवली, तर एकच ओळ: क्यूएमआयसीएलआय, नॉट फाउंड. ही कमांड लिबक्यूएमआय-युटिल्स नावाच्या वेगळ्या पॅकेजात असते, आणि मी सवयीने शिफारशीची पॅकेजेस बंद ठेवून इन्स्टॉल करतो. चार एमबी वाचवायला दात कोरून पोट भरत होतो! पॅकेज टाकलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव) ‘जिओनेट’ दिलं. मग तो क्षण: एनेबलिंग, सर्चिंग, रजिस्टर्ड.

हॉलमध्ये छान चालतो, बेडरूममध्ये रडतो. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर) चालतं, आणि या कार्डात ४० नाहीच. म्हणून ४० असलेलं ईएम७४३० घ्यायचं ठरवत होतो. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की मी लावलेल्या अँटेना जुन्या लॅपटॉपच्या वाय-फायच्या आहेत. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ. भिंतीतून आत पोचतो तो हाच, आणि याच अँटेना त्याला नालायक. कार्ड बदलणं रद्द! शनिवारी ठाण्याला जाऊन ४जीच्या चिकटपट्टीवाल्या अँटेना बघतो, स्वस्तातलं काम.

झाकण लावलं की मोडेम गायब होतो, ते नंतर. तोवर लॅपटॉप उघडाच ठेवतोय. आईने त्यावर रुमाल टाकलाय.