म्हाताऱ्या कुत्र्याची वही

आठ-नऊ वर्षांचं कुत्रं पायरीपाशी थबकायला लागलं, ताटलीत अर्धं ठेवायला लागलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वय झालं आता त्याचं." हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं आणि त्यापायी बरी होऊ शकणारी कुत्री उगाच खंगतात. गोचीडताप, गर्भाशयातला पू, किडलेली दाढ, सांधेदुखी ही सगळी दुखणी लांबून म्हातारपणासारखीच दिसतात. मोठ्या जातींचं म्हातारपण साधारण सातव्या वर्षी सुरू होतं, लहान जातींचं दहाव्या-अकराव्या. त्यानंतर अंदाजावर न राहता मोजायला लागावं. त्यासाठी शंभर पानी वही पुरते.

पहिला आकडा वजनाचा, दर पंधरा दिवसांनी. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. तीस किलोचा लॅब्रॅडॉर उचलणं जमत नसेल, तर धान्याच्या दुकानातला मोठा काटा चालतो. वीस किलोचं कुत्रं काही महिन्यांत अठरावर आलं, तर दहा टक्के वजन गेलं; तेव्हा रक्त तपासायलाच हवं. जत-आटपाडीकडच्या कारवानी आणि पश्मी कुत्र्यांच्या बरगड्या एरवीही दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेला काही कळत नाही. त्यांच्या मांड्यांचं मांस हातानं चाचपून बघा आणि आकड्यावर विश्वास ठेवा.

दुसरा आकडा पाण्याचा. सकाळी मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे पन्नास मिलीच्या आसपास पाणी नेहमीचं. उन्हाळ्यात आणि कोरड्या खाद्यावर थोडं जास्त. ओळीनं दोन-तीन दिवस किलोमागे शंभर मिलीच्या वर गेलं, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्यानं दोन लिटरहून जास्त प्यायलं, तर मूत्रपिंड, मधुमेह, हार्मोनचा बिघाड किंवा कुत्रीच्या गर्भाशयात पू, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तहान वाढते, म्हणून चालू औषधं वहीत लिहिलेली हवीत. इथं एक गोष्ट समजून घ्यावी: मूत्रपिंडाचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायचा कचरा, वाढत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निश्चिंत न होता लघवीची घनताही तपासून घ्या. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून दोन-तीन तासांत पोचवली की काम होतं.

तिसरा आकडा झोपेतल्या श्वासाचा, आणि मला वाटतं सगळ्यांत मोलाचा. गाढ झोपेत छाती किती वेळा वर येते ते तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. धापा टाकत असताना किंवा स्वप्नात पाय हलवत असताना मोजू नका. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा तीसच्या वर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पॉमेरेनियन, स्पिट्झ अशा लहान कुत्र्यांत हृदयाची झडप झिजते आणि फुफ्फुसात पाणी साठायला लागतं. डोळ्यांना दम दिसायच्या आधी हा आकडा चढतो.

याच्या जोडीला आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी असाव्यात. पांढरट असतील तर रक्त कमी झालंय, पिवळट असतील तर कावीळ.

आता गोचीडताप. थकलेलं, खाण्यावरून मन उडालेलं, मागच्या पायांत जोर नसलेलं कुत्रं आपल्याकडे दिसलं, तर आधी याचीच शंका घ्यावी. गुदद्वारात थर्मामीटर लावून १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान. जुनाट गोचीडतापात ते वाढलेलं असेलच असं नाही. हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके दिसले तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खाली आलेल्या असतात. रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचेवरचा रक्ताचा नमुना, दोन्ही करून घ्या. एर्लिशिया हा गोचीडतापाचा जंतू निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. आठ दिवसांत कुत्रं जेवायला लागतं, गोळ्या बंद होतात आणि दोन महिन्यांनी दुखणं परत येतं, असं फार घडतं. गोळी जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेला चिकटून जखम करते.

कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड घरातच, भिंतीच्या फटीत, पायरीखाली, खाटेच्या सांध्यात वाढते. नुसतं कुत्रं धुऊन ती जात नाही. फटी बुजवाव्या लागतात, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढावं लागतं. गोठ्यासाठी आणलेलं गोचीडनाशक अंदाजानं पाण्यात घालून म्हाताऱ्या कुत्र्याला कधीही चोळू नका. त्यात अमिट्राझ हे कीटकनाशक असेल तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातली साखर चढते आणि कुत्रं गुंगीत पडतं.

नसबंदी न झालेली कुत्री घरात असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, उलट्या झाल्या किंवा मागून घाण वासाचा स्राव दिसला, तर तो पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात साठलेला पू असण्याची दाट शक्यता. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतच नाही, नुसतं पोट सुटतं, आणि तेच जास्त घातक. सोनोग्राफीत लगेच कळतं. उपाय शस्त्रक्रिया, तीही लवकर. "या वयात भूल कशाला" म्हणून थांबणं भुलीपेक्षा फार धोक्याचं ठरतं. कारवानीसारख्या सडपातळ कुत्र्याला भूल द्यायची असेल तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. अंगात चरबी कमी असल्यामुळे थायोपेंटोनसारख्या औषधातून ती फार उशिरा शुद्धीवर येतात.

सांधे दुखणारं कुत्रं सहसा केकाटत नाही. उठताना वेळ लावतं, दहा पावलं चालल्यावर मोकळं होतं, एकच सांधा सतत चाटतं, उचलायला गेलं की गुरगुरतं. अशा वेळी घरातल्या डब्यातली गोळी देण्याचा मोह होतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात, पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत जातं. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी आहेत. वजनावर डोस ठरतो आणि सुरू करण्याआधी क्रिएटिनिन बघतात. आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते सांगितल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊच नका. दोन्ही एकत्र पोटात गेली तर जठरात व्रण होतो आणि डांबरासारखी काळी शी होते. ती दिसली की गोळी बंद आणि तडक दवाखाना.

गोळीइतकाच गुण फरशी देते. चकचकीत टाइल्सवर म्हातारं कुत्रं दिवसातून दहादा घसरतं, प्रत्येक घसरणीत कंबर मुरगळते, मग ते उठायचंच टाळतं आणि मांड्या वाळतात. त्याच्या रोजच्या वाटेवर, म्हणजे अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, रबरी मॅट किंवा जुने योगा मॅट सलग टाका. गोणपाट टाकायचं तर चारी कडा चिकटवा, कारण सुटं गोणपाट फरशीपेक्षा वाईट. तळव्यांच्या गाद्यांमधले केस कापा. नखं दर तीन आठवड्यांनी कापा. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख झिजत नाही आणि वळून मांसात घुसतं. एक फूट उंचीच्या पायरीला चार फुटांची फळी तिरपी टाका, वर काथ्याची चटई ठोका. मागचा भाग उचलायला कापडी पिशवीच्या दोन्ही बाजू उसवून पोटाखालून पट्टा घ्यावा. नर असेल तर लघवीच्या जागेवर दाब येणार नाही इतका अरुंद.

फिरणं बंद करू नका, वाटून द्या. तासभराच्या एका फेरीऐवजी दहा-पंधरा मिनिटांच्या तीन. साताऱ्यात यवतेश्वरचा चढ किंवा अजिंक्यताऱ्याची वाट अशा कुत्र्याला नको. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढायच्या आत आणि डांबर निवल्यावरच न्या. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणार.

खाण्याबद्दल एकच हट्टानं सांगणं: दूध-चपाती आणि बिस्किटांवर म्हातारं कुत्रं ठेवू नका. उतारवयात प्रथिनं कमी करायची असतात हा समज चुकीचा आहे; मूत्रपिंडाचा आजार सिद्ध झाल्यावर डॉक्टर आहार बदलतील, तोवर उकडलेलं अंडं, बिनहाडाचं चिकन, मऊ भात आणि लाल भोपळा चालतो. कांदा-लसूण नको, शिजवलेलं हाड नको. तासगाव-मिरज पट्ट्यात बेदाण्याचा हंगाम आला की घराघरांत बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात आणि सुरक्षित असं प्रमाण ठरलेलं नाही. मूठभर खाल्लेले दिसले तर उलटीची वाट बघू नका, दोन तासांच्या आत दवाखान्यात न्या. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायला जाऊ नका, त्यानं वेगळीच विषबाधा होते.

अचानक मान वाकडी, डोळे डावी-उजवीकडे लुकलुकतायत, उभं राहता येत नाही, असं झालं की लोक लकवा समजून आशा सोडतात. बऱ्याचदा तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा बिघाड असतो. तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालतं. रात्रभर येरझारा, कोपऱ्यात तोंड घालून उभं राहणं, ओळखीच्या दाराची चुकीची बाजू ढकलणं हा मेंदूचा ऱ्हास. त्यावर औषध आहे, पण आधी दुखणं आणि लघवीचा त्रास नाही ना ते बघा. रात्री मंद दिवा ठेवा, सामान हलवू नका.

अंथरुणाला खिळलेल्या कुत्र्याला चार इंची फोम, वर रेक्झिन आणि त्यावर रोज बदलता येणारी वाकळ. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, कोपर आणि नितंबाची हाडं बघा. पावसाळ्यात लघवीनं भिजलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात आळ्या होतात. म्हणून शेपटीखालचे आणि मांडीचे केस मशीननं बारीक करा, दिवसातून दोनदा पुसून कोरडं करा.

मोठ्या तपासण्यांसाठी सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आधी फोन करून जा, वही न्या, चालण्याचा व्हिडिओ न्या. कृष्णाकाठी राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवून पावसाळ्याआधीच न चालणारं कुत्रं कोण उचलणार, कुठं नेणार हे ठरवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात तयार हव्यात.

शेवटाचा निर्णयही वहीतूनच घ्यावा. अमेरिकन पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायची पद्धत घालून दिली आहे: वेदना किती आटोक्यात, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तोवर सेवा चालू ठेवायला अर्थ आहे. दर रविवारी घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण लिहावेत. एकट्याचं मन आकडा फुगवतं. सतत खाली येत राहिला तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, ही नीट पद्धत. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, एखादा उसासा येतो, लघवी होते, त्याला काही जाणवत नसतं. भूल न देता नुसतं मॅग्नेशियम सल्फेट टोचणं क्रूर आहे, त्याला स्पष्ट नकार द्या.

जागा आधी बघून ठेवा. विहीर आणि ओढ्यापासून लांब, भरावाच्या मातीत नको. निदान चार फूट खोल खड्डा, सुती कापडात गुंडाळलेलं शरीर, वर माती दाबून दगड. भुलीचं औषध मांसात टिकून राहतं. उथळ पुरलेलं उकरून दुसऱ्या कुत्र्यानं खाल्लं तर तेही मरू शकतं.