पट्टी तिथे जाईना

नववीच्या वर्गात त्या दिवशी माझीच फजिती झाली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख काढायचा होता. हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली सुरू केलेल्या मोजणीचे आकडे मी आणले होते. तेही वार्षिक सरासरीचे. महिन्यांचे घेतले की मेमध्ये चढणारी आणि सप्टेंबरच्या सुमारास उतरणारी करवत तयार होते, आणि पोरं तिचे दातच मोजत बसतात.

फळ्यावर मुद्दाम तीनच लिहिले. १९६० साली ३१७, १९७० साली ३२६, १९८० साली ३३९ पीपीएम; म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे या वायूचे तेवढे रेणू. "पट्टी लावा, रेघ वाढवा, २०२० साली किती ते सांगा." बहुतेकांचं उत्तर ३८०-३८५. मग पुढचे दर दहा वर्षांचे खरे आकडे वाचले: ३५४, ३७०, ३९०, ४१४.

मागच्या बाकावर एकीने खोडून खोडून कागदाला भोक पाडलं होतं. शेवटचा ठिपका ३८३ वर, बरोब्बर रेघेवर.

"अगं, ४१४ सांगितलं ना?"

"हो सर, पण पट्टी तिथे जातच नाही."

१ सेंटिमीटरला १० पीपीएम असं प्रमाण होतं. ठिपका रेघेच्या तीन सेंटिमीटर वर! आदल्या रात्री मी स्वतः काढून पाहिला असता तर कळलं असतं, आळस केला.

मग वजाबाक्या मांडल्या. ९, १३, १५, १६, २०, २४. दर दशकात पडलेली भर. कोळसा, तेल, वायू जाळणं वाढत गेलं, तशी भरही वाढली.

ती म्हणाली, "म्हणजे दरवर्षी सारखीच भर पडली असती तर पट्टी बसली असती?"

"बसली असती."

"पण तरी रेघ वरच गेली असती की, सर."

इतकी वर्षं शिकवतोय, पण ही गोष्ट मी कधी अशी मांडली नव्हती.

तिचा कागद ४२० ला संपत होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ती वर एक तुकडा चिकटवून घेऊन आली. डिंकाने वाकडा झालेला, पण चौकटी जुळवून.